पूर ओसरल्यानंतर हृदयरोग्याची काळजी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीला महापूर आला. आपले मोहने याच नदीच्या काठी वसलेले. अशा आपत्तीनंतर पावसाच्या आवाजानेही छातीत धडधडणे, रात्री दचकून जाग येणे, घाम सुटणे महिन्याहून अधिक टिकल्यास तो आघातोत्तर तणाव असू शकतो. त्याने रक्तदाब वाढतो. शिवाय आजाराची आठवण नको म्हणून रुग्ण औषधेच टाळू लागतो. आम्हांस हेच अधिक घातक वाटते. मात्र छातीतील वेदना 'मनाचे खेळ' म्हणून सोडू नये. आधी ईसीजी काढावा. कुटुंबीयांनी उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, रुग्णास मोकळेपणाने बोलू द्यावे आणि पावसाळ्यात औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवावी.