फ्लॉप पडल्यावर

मांडवीतल्या जहाजावर पोकर खेळायला चाललायस ना, मग जरा बस. हातातल्या दोन पानांबद्दल सगळेच सांगतात. पैसे जातात ते फ्लॉप पडल्यावर.

हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर साधारण तीनात एकदाच जोडी किंवा बरं काही लागतं. समोरच्याचंही तेच. म्हणून ज्यानं आधी रेज केलंय, त्यानं थोडी बेट लावली तरी पुष्कळदा पॉट त्याचाच. समज राजा, सत्ती, दुर्री पडली, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची, आणि समोर भिडू एकच. पॉट 900 चा असेल तर 300 पुरे. चारात एकदा तो पळाला तरी तुझं भागलं. तीन-चार जण कॉल करून बसले असतील तर मात्र थाप मारू नकोस, कुणाला तरी काहीतरी लागलेलंच असतं.

आता गुलाम, नव्वी, तिर्री, त्यात दोन बदाम, तुझ्याकडे एक्का-गुलाम. इथे हात आखडू नकोस. फ्लशवर टपलेल्याला 9 बदाम शिल्लक, पण पुढच्याच पानावर लागायची शक्यता 19 टक्के. तू 900 वर 675 लावलेस तर कॉल परवडायला त्याला 30 टक्के हवेत. 200 लावलेस की झालं, स्वस्तात पान दाखवलंस.

चिप्सना हात लावण्याआधी स्वतःला विचार: माझ्याहून हलका हात घेऊन कोण कॉल करेल? माझ्याहून भारी हात कोण टाकेल? राजा-सत्ती-दुर्रीवर तुझ्याकडे राण्यांची जोडी असेल, तर मोठ्या बेटला राजावालाच थांबतो, बाकी सगळे पळतात. मग कशाला? चेक कर.

नो-लिमिटमध्ये पॉट फुगतो कसा तेही बघ. 900 च्या पॉटवर दर वेळी पॉटएवढी बेट लागली आणि एकानं कॉल केला, तर टर्नआधी 2,700, रिव्हरआधी 8,100, शेवटी 24,300. तेव्हा शेवटपर्यंत जायचंय का, हे फ्लॉपवरच ठरव. टर्नला निम्मे चिप्स घालून रिव्हरला डोकं खाजवणारे असतात, त्यांच्याशेजारी बसायला मला फार आवडतं.

आणि एक. फ्लॉपपासून मुकाट कॉल करत आलेला भित्रा भिडू रिव्हरला अचानक रेज करतो, तेव्हा तुझी एक जोडी खाली टाक. काय होतं ते बघायचं म्हणून पैसे घालू नकोस. संध्याकाळी मला फोन कर, मी न बघता सांगतो.