दवंडी आणि टपाल : हब व स्विच ह्यांचे कार्य

संगणकांच्या जाळ्याविषयी विद्यार्थ्यांस प्रश्न केला असता एक उत्तर बहुधा ठरलेले मिळते : ‘स्विच म्हणजे अधिक वेगाचा हब.’ दोन्ही पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात, दोहोंस एका ओळीत भोके असतात आणि दोहोंत त्याच तारा खोचावयाच्या असतात. तेव्हा असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि तो खरा नव्हे. हब आणि स्विच ह्यांतील मुख्य भेद वेगाचा नसून ज्ञानाचा आहे. हा भेद एकदा ध्यानी आला म्हणजे जाळ्यातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो; म्हणून प्रस्तुत लेखात तो विद्यार्थिमित्रांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. १९७१ साली हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी ह्यांनी निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे रेडिओलहरींनी जोडणारे ‘अलोहा’ नावाचे जाळे सुरू केले. तेथे ज्यास बोलावयाचे असेल त्याने बोलावे, आणि दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळून बिघडल्यास थोडे थांबून पुन्हा बोलावे, असा नियम होता. ह्याच कल्पनेत सुधारणा करून रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी २२ मे १९७३ रोजी, अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात, एका टिपणात ‘ईथरनेट’ची योजना मांडली, आणि डेव्हिड बॉग्ज ह्यांच्या साहाय्याने ती सिद्धीस नेली. प्रकाशलहरी वाहून नेणारे सर्वव्यापी द्रव्य म्हणून जुने पदार्थविज्ञानवेत्ते ज्या ‘ईथर’ची कल्पना करीत, त्यावरून हे नाव पडले. ह्या जाळ्यातील ईथर म्हणजे एक लांब जाड तार होती. सर्व संगणक तिलाच जोडलेले असत, आणि एकाने उच्चारलेला शब्द सर्वांच्या कानी पडे.

अशा सामाईक तारेवर शिस्त राहावी कशी? त्यासाठी तीन नियम केले होते. बोलण्यापूर्वी ऐकावे, दुसरा कोणी बोलत असल्यास थांबावे. बोलत असतानाही ऐकत राहावे; दोघांनी एकाच क्षणी आरंभ केल्याचे आढळल्यास दोघांनीही गप्प व्हावे. आणि पुन्हा आरंभ करण्यापूर्वी प्रत्येकाने यदृच्छेने निवडलेला काळ थांबावे. ह्या शेवटच्या नियमातील गणित मोठे मनोरंजक आहे. दर सेकंदास १ कोटी बिट वाहणाऱ्या, म्हणजे १० मेगाबिटांच्या जाळ्यात थांबण्याचे एक माप ५१.२ मायक्रोसेकंदांचे असते. पहिल्या टकरीनंतर ० किंवा १ माप थांबावयाचे. दुसरीनंतर ० ते ३ मापांपैकी कोणतेही. तिसरीनंतर ० ते ७. असे वाढत दहाव्या टकरीनंतर ० ते १०२३. सोळा प्रयत्न फसले म्हणजे यंत्र नाद सोडते व आपल्या धन्यास तसे कळविते. गर्दी जितकी अधिक, तितका प्रत्येकाने अधिक धीर धरावा, हे ह्या नियमाचे सार होय.

१९९० साली मंजूर झालेल्या प्रमाणानुसार जाड तारेच्या जागी परस्परांस पिळलेल्या बारीक तारांच्या जोड्या वापरता येऊ लागल्या. प्रत्येक संगणकापासून एक केबल निघून मधल्या पेटीस मिळे. ती पेटी म्हणजे हब. तिच्या भोकांस पोर्ट म्हणतात; आपण त्यांस येथे द्वारे म्हणू. ह्या रचनेत एखादी केबल तुटल्यास सारे जाळे बंद पडत नाही, हा लाभ खराच. परंतु अंतरंग मात्र पूर्वीचेच राहिले. एका द्वाराने आलेला विद्युत्‌संदेश हब ठळक करून उरलेल्या सर्व द्वारांनी बाहेर पाठवितो. तो कोणासाठी आहे हे हब वाचीत नाही. वाचण्याची शक्तीच त्यास नाही.

गावात दवंडी पिटणारा जसा एकाच्या कामाची वार्ता साऱ्या आळ्यांस ऐकवीत जातो, तसेच हे झाले. वीस संगणक एका हबास जोडले असता १० मेगाबिटांची एकच वाट विसांनी वाटून घ्यावयाची. आणखी असे की, ‘क’ने ‘ड’स पाठविलेला मजकूर ‘अ’ व ‘ब’ ह्यांच्या दारीही जातो. तो आपला नव्हे असे पाहून ती यंत्रे टाकून देतात, हा केवळ त्यांचा सभ्यपणा. कोणी मुद्दाम ऐकावयाचे ठरविले तर हब त्यास अडवू शकत नाही.

आता स्विचाकडे वळू. बहुद्वारी ईथरनेट स्विच प्रथम १९९० साली बाजारात आला. त्यास सात द्वारे होती, आणि तो करणाऱ्या अमेरिकन कंपनीचे नाव होते ‘कल्पना’! विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. पुढे १९९४ साली ती सिस्को कंपनीने विकत घेतली.

स्विच हा दवंडीवाला नसून टपालवाला आहे. ईथरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान लखोट्यांत घातलेला असतो. त्यांस फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमीच्या आरंभी घेणाऱ्याचा पत्ता व त्यामागून पाठविणाऱ्याचा पत्ता असतो. हे पत्ते ४८ बिटांचे असून यंत्र घडविताना कारखानदारच ते त्यास देतो. स्विच हे दोन्ही पत्ते वाचतो. परंतु कोणते यंत्र कोणत्या द्वाराशी आहे, हे त्यास सांगतो कोण? कोणीच नाही, तो ते आपण होऊन शिकतो. एक उदाहरण घेऊ.

चार द्वारांच्या नव्या स्विचास अनुक्रमे अ, ब, क, ड हे संगणक जोडले आहेत. स्विचाची वही अद्याप कोरी आहे. ‘अ’ने ‘ब’स फ्रेम पाठविली. स्विच प्रथम पाठविणाऱ्याचा पत्ता पाहतो आणि वहीत टिपतो : ‘अ पहिल्या द्वाराशी.’ मग घेणाऱ्याचा पत्ता शोधतो. ‘ब’चे नाव वहीत नाही. तेव्हा निरुपायाने तो ती फ्रेम दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या अशा तिन्ही द्वारांनी पाठवितो. ह्या वेळेपुरता तोही दवंडीच पिटतो. ‘ब’ने उत्तर दिले की लागलीच ‘ब दुसऱ्या द्वाराशी’ अशी नोंद होते, आणि ते उत्तर केवळ पहिल्या द्वाराने जाते. कारण ‘अ’चे ठिकाण आता ठाऊक आहे. ह्यापुढे अ व ब ह्यांचा परस्परांतील पत्रव्यवहार क व ड ह्यांच्या दारी जात नाही. एखाद्या यंत्राकडून बराच काळ, सामान्यतः पाच मिनिटे, काहीच आले नाही, तर स्विच त्याची नोंद खोडून टाकतो. यंत्रे जागा बदलतात. म्हणून जुन्या माहितीवर विसंबून राहणे इष्ट नव्हे.

ह्यापासून होणारे लाभ उघड आहेत. अ व ब बोलत असतानाच क व ड ह्यांसही बोलता येते. प्रत्येक केबलीवर एकच यंत्र असल्यामुळे, आणि जाण्याची व येण्याची वाट वेगळी ठेवता येत असल्यामुळे, टकरीचा प्रश्नच राहत नाही. म्हणून वर सांगितलेले थांबण्याचे गणित आजच्या स्विचांच्या जाळ्यात सहसा उपयोगात येत नाही, आणि हबही आता क्वचितच पाहावयास मिळतो.

परंतु स्विच सर्व दुखण्यांवर औषध आहे असे मात्र मानू नये. वीस संगणकांनी एकाच वेळी एकाच सर्व्हरकडे मागणी केली, तर त्या सर्व्हरची केबल अपुरी पडणारच. स्विच काही फ्रेमी रांगेत ठेवील. रांग भरली की उरलेल्या टाकून देईल. तसेच काही फ्रेमी मुळातच सर्वांना उद्देशून असतात. त्या स्विचासही सर्व द्वारांनी पाठवाव्या लागतात.

ह्यातूनच एक मोठे संकट संभवते. दोन स्विच चुकून दोन केबलींनी जोडले गेले, तर सर्वांना उद्देशून निघालेली फ्रेम एका केबलीने जाऊन दुसरीने परत येते आणि पुन्हा निघते. ईथरनेटच्या फ्रेमीवर ‘इतक्या फेऱ्यांनंतर नष्ट व्हावे’ अशी मर्यादा लिहिलेली नसते. म्हणून ही प्रदक्षिणा संपतच नाही, आणि थोड्याच वेळात साऱ्या जाळ्यात अशा फ्रेमींचे वादळ उठते. ह्यावर रेडिया पर्लमन ह्या विदुषींनी १९८५ साली तोड काढली. त्यांच्या योजनेनुसार स्विच आपसांत निरोप देऊन एकास मूळ ठरवितात, आणि त्यापासून फांद्या फुटलेल्या वृक्षाप्रमाणे जोडण्या चालू ठेवून वर्तुळ पुरे करणाऱ्या वाटा मिटून घेतात. चालू वाट तुटली, तर मिटलेली उघडतात.

हे सारे पुस्तकी नव्हे. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे जाळे ह्याच वृक्षरचनेच्या बिघाडामुळे कोलमडले. जाळे वाढत वाढत त्या योजनेच्या मर्यादेपलीकडे गेले होते. कित्येक दिवस डॉक्टरांस व परिचारिकांस संगणक बाजूस ठेवून कागदावर काम करावे लागले. तपासण्यांचे निकाल हातोहात पोहोचवावे लागले. भिंतीवरील एका मुक्या पेटीच्या कारभारावर रोग्याची शुश्रूषाही अवलंबून असू शकते, हे ह्यावरून दिसून येते. यास्तव संगणकवर्गात एखादी केबल मोकळी लोंबताना दिसली, तर ती जवळच्या रिकाम्या भोकात सहज म्हणून खोचू नये; तिचे दुसरे टोक कोठे आहे, हे आधी पाहावे.

सारांश, हब केवळ पुकारतो. स्विच आधी कोण बोलले ते ऐकून घेतो, टिपून ठेवतो, आणि मग नेमक्या दारी निरोप नेतो. दोघांच्या तारा सारख्याच असल्या तरी एकाच्या घरी गोंगाट असतो व दुसऱ्याच्या घरी व्यवस्था. विद्यार्थ्यांनी आता कागदावर सहा द्वारांचा एक स्विच काढावा, त्याची वही कोरी धरावी, आणि मनास येतील अशा दहा फ्रेमी एकामागून एक पाठवून प्रत्येक वेळी वहीत कोणती नोंद होते व फ्रेम कोणकोणत्या द्वारांनी जाते, हे लिहून पाहावे. दहावी फ्रेम लिहून होईतो हा पाठ त्यांचा स्वतःचा झालेला असेल.