नारिंगी जॅकेट म्हणजे प्रवेशपत्र नव्हे

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलांना जिओकॅशिंगचं, म्हणजे अ‍ॅपच्या मदतीने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाचं, वेड आहे. हरणांच्या शिकारीसाठी पार्क बंद असला, तरी अ‍ॅपवर डबा चालू दिसतो. नारिंगी जॅकेट घालून गेलं तर चालेल ना?
– एक पालक

उत्तर : नाही, बंद पार्कात अजिबात जाऊ नका. डबा चालू दिसतो म्हणजे पार्क उघडा आहे असं नव्हे. निघण्यापूर्वी पार्कच्या कार्यालयाची सूचना पाहा. डबा लपवणाऱ्याला कळवलंत, तर तो नोंद तात्पुरती बंद ठेवू शकतो.

जॅकेट हवंच, पण जिथे शिकार चालू असूनही फिरायला मुभा आहे, तिथे. भडक नारिंगी रंग हरणांना वेगळा ओळखता येत नाही, शिकाऱ्याला मात्र दुरून दिसतो. टोपीही त्याच रंगाची घ्या, कुत्र्यालाही पट्टा बांधा. पांढरे हातमोजे नकोत. तिथल्या हरणाची उभारलेली शेपटी पांढरीच दिसते. पहाट आणि तिन्हीसांजा टाळा. रविवारी शिकार नसते असं समजून निर्धास्त राहू नका, काही वनक्षेत्रांत धनुष्यबाणाची शिकार तेव्हाही चालते. मुलांचा हिरमोड नको, म्हणून गावातल्या चौकात, वाचनालयाजवळ लपवलेले डबे शोधा. तेही तितकेच चकवतात!