वर्गातली जागा

यवतमाळ,
श्रावणातला मंगळवार

चि. ताईस,


तुझी आई परवा सांगत होती, पुसदला बदली झाल्यावर तू ज्या सकाळच्या योगवर्गाला जायला लागलीस, तो महिन्याभरातच सोडलास. कारणंही कळली. सगळ्या बायका पन्नाशी-साठीच्या, गती फार हळू, रोज तीच ती आसनं, आणि एवढं तर मोबाइलवर बघून घरीसुद्धा होतं. फोनवर तू ‘हो आत्या’ म्हणशील आणि विषय तिथंच राहील, म्हणून कागदावर लिहिते आहे. सावकाश वाच.

मी यवतमाळच्या एकाच वर्गात इतकी वर्षं काढली, की ज्या मुली आईचा पदर धरून यायच्या त्या आता आपापल्या सतरंज्या घेऊन येतात. मी तिथं शिक्षिका कधीच नव्हते. सूचना देणारी दुसरी, ऐकणाऱ्यांतली मी. म्हणून जे सांगते ते ऐकणाऱ्यांच्या बाजूनं. व्यायाम एकट्यानं सुरू करता येतो. तो वर्षानुवर्षं टिकवायचा तर आपली वाट बघणारी माणसं लागतात. तुझ्या सगळ्या कारणांना माझं उत्तर इथूनच निघतं.

आधी हा असा वर्ग आपल्या बायकांपर्यंत आला कसा, ते समजून घे. आपल्या वऱ्हाडात एकत्र व्यायाम करणं काल-परवाचं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलं. तिथलं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला जाऊन कबड्डीची आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमधले कितीतरी पीटीचे सर तिथूनच शिकून आलेले. पण आखाडा पुरुषांचा. तालमीच्या मातीत घरच्या बायकांना जागा नव्हती, आणि पहाटे घराबाहेर पडायला देवदर्शनाखेरीज दुसरं निमित्तही नव्हतं. तुझी आजी काकडआरतीला जायची, तेवढंच तिचं चालणं.

ही अडचण सुटली ती नागपूरमुळे. जनार्दनस्वामी कोकणात जन्मलेले संन्यासी. उतारवयात ते नागपुरात आले, घरोघरी जाऊन लोकांना आसनं शिकवू लागले, आणि 1951 साली त्यांनी योगाभ्यासी मंडळ स्थापन केलं. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा नेम. रामनगरातल्या त्या मंडळात शिकलेली माणसं विदर्भातल्या गावोगावी गेली आणि देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या खोलीत, कुणाच्या गच्चीवर वर्ग भरू लागले. फी नाही म्हटल्यावर नवऱ्याकडे पैसे मागायचा प्रश्न मिटला. देवळातच जायचं म्हटल्यावर सासूची हरकत मिटली. या दोन सोयी झाल्या नसत्या, तर माझ्या पिढीतल्या कितीतरी बायका पहाटेचा तो तास स्वतःसाठी कधी काढू शकल्या नसत्या. मला ही फार मोठी गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात.

आता ‘रोज तीच आसनं’ याबद्दल. शिथिलीकरण, सूर्यनमस्कार, ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, शेवटी शवासन. क्रम बदलत नाही, म्हणूनच शरीरातला बदल कळतो. वृक्षासनात काल डाव्या पायावर स्थिर उभी होतीस आणि आज डगमगतेस, तर झोप अपुरी झाली असेल, किंवा आणखी काही असेल. चार दिवस तसंच झालं तर चौकशी करायची. आमच्यातल्या एकीचा उजवा हात ताडासनात कानापर्यंत जाईना. तिच्या आधी ते शेजारणीच्या लक्षात आलं. खांदा आखडत चालला होता. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली, कारण मधुमेहात खांदा असा आखडतो, आणि साखर खरोखरच वाढलेली निघाली. रोज नवा प्रकार केला असता तर हा फरक कुणाला दिसला असता?

आणि तोच क्रम जपणारे आपणच नाही. जपानात 1928 पासून सकाळी रेडिओवर व्यायाम लावतात. पियानोच्या चालीवर काही मिनिटांचा तो व्यायाम म्हातारी माणसं बागेत जमून एकत्र करतात. आज तिथं जो पहिला प्रकार चालतो तो 1951 साली ठरलेला, आणि तोच अजून चालू आहे. आपल्या नागपूरच्या मंडळाचंही तेच साल, हा योगायोग मला फार आवडतो.

गती हळू, हे तुझं दुसरं कारण. तू पस्तिशीची, दिवसभर बँकेच्या खुर्चीत बसलेली. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दोन मजली बसच्या माणसांचा अभ्यास केला होता. तो 1953 साली प्रसिद्ध झाला. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त, असं त्यात दिसलं. तुझी नोकरी ड्रायव्हरची आहे, बाई. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलंय की मोठ्या माणसानं आठवड्याला मध्यम श्रमाचा व्यायाम 150 ते 300 मिनिटं करावा, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे प्रकार आठवड्यातून तीनदा तरी करावेत. तेव्हा वर्ग तुला कमी पडत असेल तर संध्याकाळी झपझप चालायला जा, पायऱ्या चढ, सूर्यनमस्कार वाढव. वर्गाची कमतरता भरून काढ. त्यासाठी वर्ग सोडायचं कारण नाही. आणि हळू करणं सोपं असतं असं तुला वाटतं का? भुजंगासनातून खाली येताना एकेक मणका टेकवत ये, श्वास न कोंडता. मग मला सांग.

इथं एका मैत्रिणीबद्दल लिहिते. तिचं अर्धं आयुष्य बाभुळगावकडच्या वावरांत कापूस वेचण्यात गेलं. मुलगा नोकरीला लागला, म्हणून ती शहरात आली. वर्गाला आली तेव्हा एका बाईनं तिला विचारलं, तू तर राबलेली, तुला कशाला पाहिजे व्यायाम? हा प्रश्न आपल्याकडे फार जण विचारतात. तू पऱ्हाटीत काम करणाऱ्या बाईला नीट पाहिलं आहेस का? कमरेला ओटी बांधलेली, बोंडांच्या उंचीपर्यंत वाकलेली, आणि मजुरी किलोवर, म्हणून पाठ सरळ करायला थांबणंही परवडत नाही. दिवाळीच्या सुमाराला वेचणी सुरू होते, ती पुढं कितीतरी आठवडे चालते. त्या कष्टात शरीर एकाच बाजूला वाकत राहतं, आणि तेही मालकाच्या सोयीनं. व्यायामात ते सगळ्या बाजूंना वळतं आणि थकलं की थांबतं. पहिल्यांदा भुजंगासन जमलं त्या दिवशी ती म्हणाली, ‘‘बाई, इतके वर्सं पाठ खालीच वाकत होती, आज उलटी वयली.’’ राबणाऱ्या माणसाला व्यायाम नको, असं तुझ्यासमोर कुणी म्हटलं तर गप्प बसू नकोस. शेतातल्या बाईला या वर्गाची गरज तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि वेळ आणि जागा तिलाच सगळ्यांत कमी मिळते. पुसदच्या वर्गात अशी कुणी आली, तर तिला शेजारी जागा दे.

मोबाइलबद्दल थोडक्यात. तो तुला आसन दाखवतो. तू ते कसं करतेस हे त्याला दिसत नाही. मान कशी पडली, श्वास कुठं कोंडला, चेहरा लाल कधी झाला, हे शिक्षिकेला दिसतं. रक्तदाब जास्त असलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या बाईला ती सर्वांगासन करू देत नाही. 2020 च्या टाळेबंदीत आम्हीही मोबाइलवरच वर्ग केला. दुसरा मार्ग नव्हता आणि त्या महिन्यांत त्याचा आधारही वाटला. पण आसनं संपली तरी कुणी फोन बंद करत नव्हतं. सगळ्या एकमेकींचे चेहरे बघत बसत. आसनं घरी होत होती, तरी आमच्या वर्गाचा सभामंडप पुन्हा उघडला त्या सकाळी सगळ्या वेळेच्या आधी आल्या.

शवासनानंतर सतरंजी गुंडाळताना जी दहा मिनिटं जातात, ती तू आजवर पाहिलीच नसशील, कारण तुला घरी पळायची घाई. माझे सगळे छंद त्या दहा मिनिटांतून आले. दोडक्याचं, वालाचं बी एकीनं दिलं, तेव्हापासून मी घरचं बी राखते. श्रावणात कोण तरोटा आणतं, कोण काटवलं, आणि या रानभाज्या कशा करायच्या यावर वाद होतात. निळोणा धरण भरून वाहायला लागलं की सगळ्या मिळून बघायला जातो. कळंबच्या चिंतामणीला, टिपेश्वरच्या अभयारण्यात, मी घरच्यांबरोबर गेले नसेन इतक्या वेळा या बायकांबरोबर गेले. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळात पाण्याचे हाल झाले. कुठल्या गल्लीत टँकर येणार, कुणाच्या विहिरीला अजून पाणी आहे, हे आम्हाला आधी वर्गात कळायचं. त्याच्या पुढच्या जानेवारीत आपल्या गावात 92 वं साहित्य संमेलन झालं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनाला वैशाली येडे उभ्या राहिल्या, आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या. त्यांच्याबद्दल आम्ही पुढं कितीतरी सकाळी बोललो. ज्या बायकांनी शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलं नव्हतं, त्यांतल्या काही त्यानंतर वाचनालयात जायला लागल्या. आता आमच्यात पुस्तकांचीही देवाणघेवाण चालते.

तुझ्याहून मोठ्या बायका आहेत, ही तक्रार मला समजते. तुझ्या वयात आरशासारख्या मैत्रिणी हव्याशा वाटतात. पण शेजारची साठीची बाई जमिनीवरून हात न टेकता उठते, तेव्हा तुझं पुढचं वय कसं असू शकतं हे तुला दिसत असतं. जिला उठता येत नाही तिच्याकडूनही शीक. गुडघा कधी दुखायला लागला, तेव्हा तिनं काय केलं, काय केलं नाही, हे विचार. रजोनिवृत्तीच्या वर्षांत काय होतं ते मला कुणी पुस्तकातून सांगितलं नाही. वर्गातल्या बायकांनी सांगितलं, आणि म्हणून मी घाबरले नाही. आमच्याकडे एक रीत आहे. एखादी दोन दिवस दिसली नाही, की जवळ राहणारी तिच्या दारात जाऊन येते. एकटी राहणारी एक बाई तापानं फणफणलेली सापडली ती याच रीतीमुळे, आणि तिला दवाखान्यात वेळेवर नेता आलं. तू तिथं सगळ्यांत लहान आहेस, तुझ्याकडे गाडी आहे. हे काम तू घ्यावंस, असं मला मनापासून वाटतं.

वर्गात वागायच्या काही गोष्टी सांगून ठेवते. पाच मिनिटं आधी जा, चपला भिंतीकडे काढ, सतरंजी झटकायची ती बाहेर. शेजारणीचा पाय किती वर गेला ते बघू नकोस. आपल्याला जमलं म्हणून दुसरीला शिकवायला जाऊ नकोस. ते शिक्षिकेचं काम, आणि चांगला सभासद होणं हेही शिकावंच लागतं. अंगात ताप असेल त्या दिवशी घरी झोप. पाळीच्या दिवसांत काय करायचं, काय टाळायचं, ते शिक्षिकेला मोकळेपणानं विचार, लाजू नकोस. पोटात जेवण असेल तर तीन-चार तास आसनं नकोत. उन्हाळ्यात वर्ग लवकर भरतो, आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको. झोप आवरून उठ आणि घरून पाणी पिऊन निघ.

परत जाशील त्या पहिल्याच दिवशी तुझ्या थायरॉइडचं शिक्षिकेला सांग. सकाळची गोळी उपाशीपोटी घेऊन वर्गाला जा. परत येऊन चहा घेशील तोवर मधलं अंतर आपोआप सुटतं. इतके दिवस का आली नाहीस असं कुणी विचारलं, तर बदलीच्या कामाचं निमित्त काढू नकोस. कंटाळा आला होता, असं सरळ सांग. तिथल्या पुष्कळ जणींना तो कधी ना कधी आलेला असणार. त्यांनी तो कसा घालवला ते विचार आणि मला लिहून कळव.

नवरात्रात दुर्गोत्सव बघायला येशीलच. रात्री कितीही उशिरापर्यंत फिरलीस तरी सकाळी माझ्याबरोबर वर्गाला चलायचं आहे, तेव्हा सतरंजी घेऊन ये. आमच्याकडे जास्तीची नाही.

तुझी,
आत्या