पंपाचा आवाज आणि पेट्रोलचा दाब

माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या छपराची स्पोर्ट्‌स कार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहनप्रदर्शनात प्रथम मांडली गेली आणि जपानमध्ये तीच गाडी युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले असल्याने आज रस्त्यावर असलेली तिच्यातील प्रत्येक गाडी पंचवीस वर्षांहून जुनी आहे, आणि अशा गाडीने चालता चालता दम सोडला की पहिला संशय टाकीतल्या इंधनपंपावर जातो. हा संशय पुष्कळदा रास्तही असतो; मात्र त्याची शहानिशा ज्या रीतीने केली जाते ती रीतच सदोष असते. किल्ली फिरवायची, टाकीच्या अंगाला कान लावायचा, गुणगुण ऐकू आली तर पंप ठीक आणि नाही आली तर पंप बाद, असा निवाडा अनेक गॅरेजांत सहज दिला जातो, आणि या गाडीच्या बाबतीत तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी पेट्रोलचा मार्ग डोळ्यांपुढे असावा लागतो. या गाडीचा विजेवर चालणारा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो. तळाशी असलेल्या बारीक जाळीतून तो पेट्रोल ओढतो आणि गाडीच्या पोटाखालच्या फिल्टरमधून इंजिनाकडे ढकलतो, जिथे इंजेक्टरांना जोडणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, ते दाबाखाली उभे राहते. रेलच्या टोकाला दाबनियंत्रक असतो. इंजेक्टरांनी घेऊन उरलेले पेट्रोल तो परतीच्या नळीने टाकीत सोडतो. नियंत्रकाची एक बाजू इंजिनाच्या इनटेकमधील निर्वाताशी जोडलेली असल्यामुळे इंजिन आयडलला असताना रेलमधील दाब साधारण २१० ते २६० किलोपास्कल, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या आसपास, राहतो, तर निर्वाताची नळी काढली की तो २६० ते ३२० पर्यंत चढतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर इनटेकमधला निर्वात जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून त्या क्षणी दाब वाढला पाहिजे. तो वाढण्याऐवजी खाली घसरत असेल तर पुरवठा मागणीला पुरत नाही, एवढे निश्चित म्हणता येते. निदानाचा सारा भर या एका निरीक्षणावर आहे, आणि ते कानाने करता येत नाही.

आता न येणाऱ्या आवाजाविषयी. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवताच पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो, त्यामुळे तो आवाज ऐकण्याची मेकॅनिकांना सवय लागलेली असते. या गाडीच्या १.६ लिटर इंजिनाच्या आवृत्तीत मात्र नुसत्या किल्लीने पंप चालतच नाही. हवा मोजणाऱ्या यंत्रात, म्हणजे एअरफ्लो मीटरमध्ये, स्प्रिंगवर झुलणारी एक झडप असते. इंजिन हवा ओढू लागले की ती उघडते, तिच्याबरोबर आतला लहानसा स्विच जुळतो आणि डॅशबोर्डखालच्या रिलेमार्फत पंपाला वीज मिळते. सेल्फ मारताना हाच रिले स्टार्टरच्या तारेवरून वेगळा चालू होतो. या रचनेमागे सुरक्षेचा विचार आहे, कारण अपघातात इंजिन बंद पडले की हवा थांबते, झडप मिटते आणि फुटलेल्या नळीतून पेट्रोल फवारले जाण्याआधीच पंप बंद होतो. साहजिकच सेल्फ मारताना इंजिन धरते पण किल्ली सोडताच बंद पडते, अशी तक्रार असेल तर पंपाला हात लावण्याचे कारण नसते. दोष झडपेच्या स्विचमध्ये, रिलेत किंवा त्यांच्यामधल्या तारेत असतो. एअर फिल्टरची पेटी उघडून, किल्ली चालू ठेवून, ती झडप बोटाने हळूच आत ढकलली आणि पाठीमागून पंपाची गुणगुण आली, तर स्विच, रिले आणि तार या तिन्हींची परीक्षा एकदमच होते. एवढी स्वस्त चाचणी क्वचितच केली जावी, ही खेदाची बाब आहे.

बॉनेटखाली एक झाकणाची छोटी काळी पेटी, म्हणजे तपासपेटी, असते आणि तिच्यातील टर्मिनलांवर अक्षरे कोरलेली असतात. तिच्यातील ‘एफ/पी’ आणि ‘जीएनडी’ ही दोन टर्मिनले तारेच्या तुकड्याने जोडून किल्ली चालू केली की इंजिन बंद असतानाही पंप अखंड चालतो. इंजिन बंद ठेवून घ्यायच्या मोजमापांसाठी हीच सोय वापरली जाते. मात्र काम संपताच ती तार काढून घेणे अनिवार्य आहे, कारण ती तशीच राहिली तर वर सांगितलेली सुरक्षेची योजना पूर्णपणे निकामी होते. पंप सुरू होत नाही म्हणून ही तार कायमची बसवून गाडी चालवणारे लोक आहेत, आणि त्यांना कोणी हटकत नाही.

प्रस्तुत विवेचनाला आधार झालेली गाडी जपानमधून वापरलेली म्हणून ब्रिटनमध्ये आलेली, १.६ लिटरची युनोस रोडस्टर होती. तिची तक्रार ठरावीक होती: थंड गाडी उत्तम चाले, पण अर्ध्या-पाऊण तासानंतर लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की ती झटके देई, मिसिंग करी, आणि पाय थोडा वर घेतला की पुन्हा सुतासारखी सरळ होई. अशा लक्षणांची कारणे अनेक असू शकतात. प्लगच्या वायरी जुन्या झाल्या की भाराखाली ठिणगी बाहेर उडते आणि झटके जवळपास असेच बसतात. एअरफ्लो मीटर आणि थ्रॉटल यांमधील रबरी नळीला चीर असेल तर इंजिन भाराखाली कलताच ती उघडते आणि न मोजलेली हवा आत शिरते. टाकी पावभरापेक्षा कमी भरलेली असताना लांब वळणावर पेट्रोल एका कडेला जाऊन जाळी कोरडी पडते, हा तर दोषही नव्हे. सरळ रस्त्यावर आणि भरलेल्या टाकीने तो प्रकार होतो का, एवढेच पाहायचे असते. या गाडीत प्लग आणि वायरी आधी बदलल्या गेल्या, फरक पडला नाही, म्हणून एका गॅरेजात पंप नवा बसवला गेला. काही आठवडे गाडी निर्दोष चालली आणि नंतर तीच तक्रार जशीच्या तशी परतली. नवा पंप गुणगुणत होता, त्यामुळे त्याच्यावर कोणाचाच संशय नव्हता, आणि इंजेक्टर बदलण्याचा खर्चिक सल्ला मिळाला.

या टप्प्यावर गाडीची प्रथमच रीतसर मोजमापे घेण्यात आली. पंप चालू असताना, त्याच्यावर विजेचा भार असताना, त्याच्या कनेक्टरवर किती व्होल्ट पोचतात हे पाहणे ही पहिली पायरी असते, कारण भाराविना मोजलेले बारा व्होल्ट काहीच सिद्ध करीत नाहीत. गंजलेल्या कनेक्टरातूनही मल्टिमीटरला लागणारा सूक्ष्म प्रवाह सहज जातो. बॅटरीचे धन टोक आणि पंपाचे धन टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावल्यास वाटेत हरवलेले व्होल्ट थेट दिसतात. ते अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर रिले, कनेक्टर किंवा तार यांत खोट आहे असे समजावे, आणि अर्थच्या बाजूलाही हेच माप घ्यावे. व्होल्ट कमी मिळणारा पंप फिरतो, आवाज करतो, पण पुरेसे पेट्रोल ढकलत नाही. या गाडीत अर्थचे टोक हिरवट गंजलेले निघाले. ते घासून पक्के केल्यावर मापे सुधारली, झटके मात्र कायम राहिले.

त्यानंतर बॉनेटखाली, रेलकडे जाणाऱ्या नळीत, इंजेक्शनच्या दाबाला पुरणारी नळी व क्लिपा वापरून टी-जोड घालण्यात आला आणि त्यावरील दाबमापक काचेच्या बाहेरच्या अंगाला चिकटवण्यात आला. पेट्रोलचा मापक गाडीच्या आत आणणे सर्वथा वर्ज्य आहे, आणि वाचन शेजारी बसलेल्या माणसाने करायचे असते. आयडलला दाब ठीक होता. थंड गाडीने चढ चढतानाही काटा वर गेला. गाडी तापल्यावर त्याच चढावर काटा आधी थोडा वर सरकला, मग थबकला आणि खाली येऊ लागला, आणि तो २०० च्या खाली उतरताच पहिला झटका बसला. दोष ठिणगीचा नाही, पुरवठ्याचा आहे, हे त्या क्षणी ठरले.

पुरवठ्यातही पंप आणि नियंत्रक यांचा निवाडा उरतो. पंप चालू ठेवून परतीची नळी क्षणभर चिमटली असता दाब झपाट्याने ४०० किलोपास्कलच्या वर गेला तर पंप सशक्त असून नियंत्रक पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त परत सोडतो आहे. दाब रेंगाळला तर उणीव पंपाच्या बाजूची आहे. जुनी, कडक झालेली रबरी नळी चिमटल्यावर तडकते, म्हणून ती आधी बदलून मगच ही चाचणी करावी. नियंत्रकाच्या निर्वातनळीत पेट्रोलचा वास किंवा ओल आढळली तर त्याचा पडदा फाटला आहे, आणि मग पुढे तपासण्याची गरज राहत नाही. या गाडीचा दाब रेंगाळला. पोटाखालचा फिल्टर नवा असल्याने संशय पुन्हा टाकीच्या आत गेला.

टाकी आसनांच्या मागे असते आणि तिचे तोंड मागच्या फळीवरील गालिच्याखाली, पत्र्याच्या झाकणाआड लपलेले असते. झाकण काढण्याआधी नळ्यांतला दाब उतरवावा लागतो: इंजिन चालू ठेवून रिलेचा कनेक्टर काढायचा, इंजिन आपोआप बंद पडू द्यायचे, मग किल्ली बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवायची. काम उघड्यावर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत, विशेषतः गॅरेजच्या खड्ड्यात, साचते, आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते; म्हणून तारेचा दिवा, हीटर किंवा ग्राइंडर जवळपासही नसावा आणि पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. टाकी पावभर किंवा कमी असलेली बरी. ब्रिटनसारख्या मीठ टाकलेल्या रस्त्यांच्या देशात झाकणाचे स्क्रू गंजून बसलेले असतात. त्यांना आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे, कारण डोके झिजलेला स्क्रू ड्रिलने काढण्याची ही जागा नव्हे.

पंप ज्या धातूच्या दांडीला लटकलेला असतो ती तिरकी करून बाहेर काढल्यावर दोषाचे मूळ दिसले. पंपाचे तोंड आणि दांडीची नळी यांना जोडणारा बोटभर लांबीचा रबरी तुकडा फुगून मऊ पडला होता, आणि क्लिपेच्या खालच्या अंगाला त्याला नखाएवढी चीर गेली होती. पंप पेट्रोल ढकलत होता, पण त्यातला काही भाग त्या चिरेतून टाकीतच परत पडत होता. मागणी कमी असताना ते जाणवत नव्हते, आणि गाडी तापून रबर सैल झाले की चीर अधिक उघडत होती. नवा पंप बसवताना बाजारातली साधी पेट्रोलची नळी कापून वापरली गेली होती. साध्या इंधननळीचे आतले अस्तर पेट्रोल सोसते, बाहेरचे अंग सोसत नाही, आणि टाकीत बुडालेल्या तुकड्याला दोन्हीकडून पेट्रोल लागते. अशा जागेसाठी एसएई जे३०आर१० या मानकाची नळी येते. ती साध्या नळीच्या कित्येक पट महाग असते, पण अर्धा हात पुरेसा होतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे ही निवड अधिकच निकडीची झाली आहे: ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल १० टक्के इथेनॉलचे झाले, आणि महाराष्ट्रात जपून ठेवलेल्या जुन्या इंजेक्शन गाड्यांच्या मालकांना तर २० टक्के मिश्रणाशी गाठ आहे.

पंप खरोखरच बाद असेल तर त्याच्या क्षमतेचा मोह आवरावा. टर्बो बसवलेल्या इंजिनांसाठी बनलेला मोठा पंप मूळ इंजिनाला लावला तर उरलेले पेट्रोल परत सोडणे मूळ नियंत्रकाच्या आवाक्याबाहेर जाते, आयडलचा दाब चढतो आणि मिश्रण दाट होते. शिवाय जादा प्रवाह त्याच जुन्या तारांतून वाहतो. मूळ मापाचा पंप, त्याच्यासोबत नवी जाळी, नवी गॅस्केट आणि इंजेक्शनच्या गोल कडांच्या क्लिपा पुरेशा होतात. जाळी टाकीच्या तळाशी सपाट टेकेल अशाच कोनात बसवावी. ती फिरली तर पाव टाकीला वळणावर झटके येऊ लागतात आणि नव्या पंपाला फुकटचा बोल लागतो. जाण्याच्या आणि परतीच्या नळ्यांवर काढण्याआधीच खूण केलेली असावी.

झाकण लावण्याची घाई करू नये. बॅटरी जोडून, तपासपेटीतील टर्मिनले तारेने जोडून पंप काही मिनिटे चालवावा, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून ओल लागते का पाहावी, आणि ती तार काढून घेतल्याची खात्री करावी. मग दाबमापक काचेवर असतानाच गाडी तिच्या नेहमीच्या चढावर, पूर्ण तापलेली, न्यावी. त्या युनोसचा काटा या खेपेस ३०० च्या जवळ स्थिर राहिला, आणि टी-जोड काढून गालिचा अंथरला गेला तो त्यानंतरच.