पेटीचा आकार

चि. मुक्तास,


प्रकल्पाचा मसुदा वाचला. आकडेमोड चोख आहे. पण पहिल्याच पानावर ‘पेटीचा आकार कसाही घेतला तरी चालेल’ असं लिहून तू पुढे गेलीस, तिथे मी अडलो. खोलीतल्या हवेला ते चालतं, तुझ्या इलेक्ट्रॉनला नाही. खोलीच्या तापमानाला मोकळ्या इलेक्ट्रॉनची औष्णिक तरंगलांबी सुमारे ४.३ नॅनोमीटर असते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये त्याचं प्रभावी वस्तुमान कमी, म्हणून ती सोळाच्या पुढे जाते. पेटीच वीस नॅनोमीटरची असेल, तर भिंती जाणवणारच. भिंतीलगत तरंग शून्यावर येतो, आणि तरंगलांबीच्या पाव भागाएवढी पट्टी जणू वापराबाहेर जाते.

आता आलेखाच्या कागदावर मोठा चौरस काढ. पुठ्ठ्याचा लहान चौरस मधोमध टाचणीने बसव. इलेक्ट्रॉन दोहोंमधल्या जागेत आहे असं धर आणि आतला चौरस फिरव. क्षेत्रफळ तेच, परिमिती तीच, कोपरे तेवढेच. पण पंचेचाळीस अंशांवर आतले कोपरे बाहेरच्या भिंतींना भिडायला येतात आणि चार कोपऱ्यांत ऐसपैस त्रिकोण मोकळे होतात. अरुंद जागी दोन्हीकडच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात, त्यामुळे मिळून कमी जागा अडवतात. सर्वात खालची ऊर्जापातळी आणखी उतरते, मुक्त ऊर्जा घटते, आतल्या चौरसाला पीळ बसतो. अल्हुन आयदिन आणि अल्तुग शिशमान यांनी हा परिणाम मांडला. त्यातली खरी गंमत अशी, की मुक्त ऊर्जेबरोबर एंट्रॉपीही घटू शकते! दुसरा नियम शाबूत आहे. तापमान स्थिर राखताना उष्णता बाहेर जाते, तिचा हिशेब धर.

म्हणून सांगतो, ऊर्जापातळ्यांवरच्या बेरजेच्या जागी संकलन लिहायची घाई करू नकोस. पातळ्यांची संख्या अंदाजणारं वाइलचं सूत्र क्षेत्रफळ, परिमिती आणि कोपरे एवढंच पाहतं. फिरणारा चौरस त्याला दिसतच नाही. पातळ्या संगणकावर स्वतः काढ. वेळ लागेल, लागू दे.

मात्र आकार बदलला की सगळं बदलतं, असंही लिहून बसू नकोस. ढोलाचा आकार नुसत्या कानाने ओळखता येईल का, हे मार्क काट्स यांनी १९६६ मध्ये विचारलं होतं. १९९२ मध्ये गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट यांनी वेगळ्या आकाराचे पण अगदी त्याच स्वरांचे दोन ढोल दाखवले. तशा आकारांच्या दोन पेट्यांत ऊर्जापातळ्याही त्याच असतात; त्यांत परस्परक्रिया नसलेले कण ठेवलेस, तर एंट्रॉपी दोन्हीकडे सारखीच येईल.

मार्गदर्शकांकडे जाण्याआधी आलेख मला पाठव: कोन आडव्या अक्षावर, मुक्त ऊर्जा उभ्या. दोन तापमानांना काढ. थंड केल्यावर वक्र किती वाकतो ते मला बघायचंय.

तुझा,
मामा