चैत्रातला आडवा वारा

चैत्रात दुपारचा वारा कसा सुटतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. अंगणातले वाळवण उडते. वाटेवर पाचोळा गोल गोल फिरतो. असे का होते? उन्हाने जमीन तापते. जमिनीवरची हवा तापून हलकी होते व वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्राकडची गार हवा धावत येते. म्हणून आमच्या सातारा भागात हा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो.

ही गोष्ट १९८६ सालची. मी तेव्हा नागठाण्यास राहत होतो. आईला दमा होता. तिचे औषध संपले. गावात मिळेना. उंब्रजला मिळेल असे कळले. एस. टी. नुकतीच गेली होती. मी सायकल काढली नि एकटाच निघालो.

उंब्रज दक्षिणेस. म्हणजे वारा माझ्या उजव्या अंगाला. समोरचा वारा असता, तर पाय दुखले असते, एवढेच. पण आडवा वारा मोठा लबाड! तो सायकलीला डावीकडे लोटतो. मग आपण न कळत उजवीकडे कलतो. वाऱ्यावर रेलून सायकल चालवतो म्हणा ना!

अतीत मागे पडले. मागून ट्रक आला. पुणे-बंगळूर रस्त्याला तेव्हा मध्ये दुभाजक नव्हता. आता आहे, पण ट्रकही मोठे झाले आहेत. असो. तो ट्रक माझ्या उजवीकडून पुढे जाऊ लागला. त्याच्या आडोशाने वारा एकदम थांबला. मी तर उजवीकडे रेललेला! भिंतीला टेकून उभे राहावे आणि कोणी भिंतच काढून घ्यावी, तसे झाले. सायकल ट्रकच्या चाकाकडे झुकली. मधे वीतभर जागा उरली असेल. ट्रक पुढे गेला, तोच वाऱ्याचा तडाखा बसला. मी डावीकडे धुळीत पडलो. गुडघा फुटला.

शेजारच्या मळ्यातून एक म्हातारा धावत आला. त्याने पाणी दिले. म्हणाला, "पाव्हनं, जिवापरीस घाई मोठी हाय व्हय? मागनं गाडी आली की खाली उतरायचं." माझी पिशवी हँडलला लोंबत होती. तीही वारा धरत होती. ती त्याने कॅरिअरला घट्ट बांधली.

पुढे मी तसेच केले. वाऱ्याने कान भरतात, मागची गाडी ऐकू येत नाही. म्हणून थांबून मागे पाहायचे. गाडी दिसली की उतरून कडेला उभे राहायचे. किती वेळा उतरलो, मोजले नाही.

औषध मिळाले. परतताना वारा डाव्या अंगाला आला. आता तो मला रस्त्याच्या मध्याकडे लोटू लागला. हे तर जास्तच वाईट. जोराचा झोत आला की मी सायकल हातात धरून चालत होतो. दिवस मावळल्यावर जोर ओसरला, तेव्हा कुठे नीट बसलो.

आई उशीला टेकून बसली होती. धाप लागलेली. "एवढा उशीर का रे?" म्हणाली. मी गुडघ्यावर हात ठेवला नि औषधाची बाटली तिच्यापुढे धरली.